पडझडीची यादी

भाचा कॅलिफोर्नियात, पासाडेनाला राहतो. 7 जानेवारी 2025च्या संध्याकाळी शेजारच्या अल्टाडेनावर डोंगरातून वणवा उतरला. वारं असं सुटलं होतं की ठिणग्या रस्ते ओलांडून पलीकडच्या छपरांवर पडत होत्या. हजारो घरं जळाली. भाच्याच्या ऑफिसातल्या एका बाईंचं घरही त्यातच गेलं. विमा कंपनीने त्यांच्याकडे यादी मागितली. खोलीवार लिहा, काय होतं, किती होतं, केव्हा घेतलं होतं. जेवणाच्या सुट्टीत त्याच्या शेजारी बसून बाई आठवून आठवून लिहायच्या. एक दिवस घरात चमचे किती होते ते काही केल्या आठवेना, आणि त्या रडायला लागल्या.

त्या रात्री त्याचा फोन आला. "आत्या, आपण केली होती का गं अशी यादी? भूकंपाच्या वेळी?"

नव्हती केली. पटवारी आला होता, त्याने पंचनामा केला. कागदावर दोनच शब्द चालायचे, पूर्ण क्षती किंवा आंशिक क्षती. आमच्या घरापुढे आंशिक लिहिलं गेलं. भाचा तेव्हा सहा वर्षांचा होता. आता अठ्ठावीस वर्षांनी त्याच्यासाठी यादी करायला बसले आहे. किमती लिहीत नाही.

वार गुरुवार, तारीख 22 मे 1997, वैशाखी पौर्णिमा. पहाटेचे 4 वाजून 22 मिनिटं. मी माहेरपणाला जबलपूरला आले होते. गढा फाटकाजवळच्या आमच्या घरात मे महिन्यात कुणीच आत झोपत नसे. अंगणात ओळीने खाटा. चंद्र मावळतीकडे कलला होता, पण उजेड भरपूर होता. म्हणून जे झालं ते डोळ्यांना दिसलं. आधी छपरावरून खळखळाट, मग खाट सरकली, मग ओटीवरून पांढरी धूळ उठली आणि घर दिसेनासं झालं. वहिनी पाणी प्यायला आत गेली होती. दादा ओरडला, "काय करून राहिली आत? बाहेर ये!" ती आली. कपाळाला खोक, हातात तांब्या तसाच.

भूकंपाचं केंद्र कोसमघाट गावाजवळ निघालं. कोसम म्हणजे आपला कुसुंब. जबलपूर, मंडला, सिवनी, छिंदवाडा या जिल्ह्यांत मिळून 8 हजारांहून जास्त घरं पडली, 50 हजारांहून जास्त घरांना इजा झाली. किमान 38 माणसं गेली. उन्हाळा नसता, माणसं घराघरांतून आत झोपलेली असती, तर हा आकडा किती झाला असता याचा विचार मी आजही पुरा करू शकत नाही.

खापऱ्या. कारखान्यातली चपटी कौलं नव्हेत. कुंभार चाकावर मातीची निमुळती नळी काढायचा, ओली असतानाच तिला उभा छेद द्यायचा, आणि एका नळीच्या दोन खापऱ्या व्हायच्या. पोटाकडून पाहिलं तर त्याच्या बोटांचे वळ दिसत. दरवर्षी पावसाआधी शाकारणी. दोन माणसं छपरावर चढायची, फुटक्या खापऱ्या खाली टाकायची, आम्ही पोरं खालून चांगल्या वर द्यायचो. त्या वर्षीची शाकारणी आदल्याच आठवड्यात झाली होती. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मजुरीचे निम्मे पैसे दिले होते, निम्मे रविवारी द्यायचे होते. भूकंपानंतरच्या रविवारी ती दोन्ही माणसं आली. पैसे मागायला नाही, तर खापऱ्या निवडायला. दिवसभर ढिगाऱ्यातून साबूत खापऱ्या काढून त्यांनी भिंतीलगत रांगा लावल्या. नानांनी निम्मे पैसे पुढे केले तर म्हणाले, "बाबूजी, अभी रखिए."

आता खापरी करणारा आमच्या भागात कुणी राहिला नाही. शाकारणी हा शब्दही भाच्याला मला समजावून सांगावा लागला.

मातीचा गारा. इथे मला सरळ बोललं पाहिजे, कारण जुन्या घरांविषयी लिहिताना हात सैल सुटतो. ती घरं माणसं मारणारी होती. भाजलेल्या विटा, पण त्यांना धरून ठेवायला नुसती माती. समोरासमोरच्या आणि आडव्या भिंती कोपऱ्यात एकमेकींना नुसत्या टेकलेल्या. जमीन हलली की प्रत्येक भिंत आपापल्या दिशेने डोलते, कोपरा उभा उकलतो, आढ्याखालची त्रिकोणी भिंत आधी सुटते आणि मग छपराला आधारच उरत नाही. आमच्या घरी हेच, याच क्रमाने झालं. याला उपाय फार महागाचा नाही. दारं-खिडक्यांच्या डोक्यावरून सगळ्या भिंतींना गुंडाळून जाणारा काँक्रीटचा एक अखंड पट्टा घालायचा, पेटीला पट्टी मारतात तसा. कमकुवत बांधकामाची घरं भूकंपात कशी तगवायची याचं भारतीय मानक 1993 सालीच छापलेलं होतं. त्याच वर्षी किल्लारी झालं. तिथल्या दगडमातीच्या भिंतींनी आणि जड माळवदांनी झोपेतली हजारो माणसं गाडली. किल्लारीची बातमी जबलपुरात आम्ही वाचली होती, वर्गणीही दिली होती. पण तिकडे जे घडलं ते आपल्या भिंतीतही आहे, हे आमच्या मनात एकदाही आलं नाही.

आणखी एक मनात राहिलेली गोष्ट. कोयनेचा भूकंप 11 डिसेंबर 1967ला पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी झाला. किल्लारीचाही पहाटे चारच्या सुमारास. आणि आमचाही तेव्हाच. कारण काही नाही, हा योगायोगच. पण आई तेव्हापासून चारला उठून बसायची, आणि उजाडेपर्यंत पुन्हा आडवी व्हायची नाही.

गावात बरेच दिवस चर्चा होती की बरगीच्या धरणामुळे हे झालं. कोयनेच्या धरणाचा दाखला दिला जायचा. अभ्यासकांनी मात्र हा भूकंप जमिनीखाली 35 किलोमीटरच्या आसपास झाल्याचं आणि नर्मदा-सोन खोऱ्यातल्या जुन्या भ्रंशाशी त्याचं नातं असल्याचं सांगितलं. नर्मदेला रोज हात जोडणाऱ्या आईला हे पटवून घेणं जड गेलं.

देवळी. ओटीच्या भिंतीतला कमानदार कोनाडा. संध्याकाळी तिथे पणती लागायची. वरच्या कमानीला काजळीचा थर होता, पणजीच्या काळापासूनचा. आई दिवाळीला सगळं घर छुईने पोतारायची, पण ती काजळी तेवढी पुसायची नाही.

छुई म्हणजे पांढरी माती, जबलपूरच्या टेकड्यांत मिळणारी. डोक्यावर टोपली घेऊन बाया विकायला यायच्या. रात्री भिजत घालायची, सकाळी कापडाच्या बोळ्याने भिंतीवर ओढायची. ओली असताना राखाडी दिसते, वाळली की दुधासारखी. भूकंपाच्या पहाटे जी धूळ उठली ती याच छुईची. आमच्या सगळ्यांच्या पापण्या, केस, भिवया पांढऱ्या झाल्या होत्या. भाच्याला त्या दिवसातलं तेवढंच आठवतं. "आत्या, सगळे एकदम म्हातारे झाले होते."

सामाईक भिंत. आमच्या आणि शेजारच्या अम्माच्या घरात मिळून एकच भिंत होती. बांधली त्यांच्या आजोबांनी, पाडव्याला रंगवायचो आम्ही. भिंतीत हात जाईल एवढी खिडकी. वाटीतून कढी इकडून जायची, तिकडून सांडग्यांसारखे बिजौरे यायचे. ती भिंत पडल्यावर पंधरा दिवस दोन्ही घरांचं मिळून एकच अंगण झालं. चूल एक, पाण्याचा पिंप एक. नंतर दोन्हीकडून दोन नव्या भिंती उठल्या, मध्ये चार बोटांचं अंतर. त्या फटीत आता काहीच जात नाही. पावसाचं पाणी तेवढं जातं.

कुलूप. घराची दक्षिणेची बाजू पूर्ण उघडी पडली होती. कुणीही रस्त्यावरून थेट स्वयंपाकघरात चालत गेलं असतं. पुढचा दरवाजा मात्र चौकटीसह उभा होता. रात्री झोपायला आम्ही मराठी शाळेच्या पटांगणात जायचो. निघताना नाना रोज त्या दरवाजाला कुलूप लावायचे, ओढून बघायचे, किल्ली जानव्याला बांधायचे. कुणी काही बोललं नाही. शेजारीसुद्धा नाही.

शाळेचं पटांगण. सुट्टी होती, म्हणून मोकळं. खोल्यांना तडे गेलेले, त्यामुळे सगळे उघड्यावर. साठ-सत्तर कुटुंबं असतील. मराठी फार तर निम्मी. भोसल्यांचं राज्य जबलपुरात 1798 ते 1817 एवढंच, पण माणसं आली ती राहिली. पुढे रेल्वेत, कचेऱ्यांत, कारखान्यांत आणखी आली. 1956पर्यंत नागपूर आणि जबलपूर एकाच राज्यात होतं, मग राज्य दुसरं झालं आणि सोयरे तिकडे राहिले. त्या पटांगणात रात्री कंदिलाच्या उजेडात आमची बोली ऐकू यायची, हिंदीत मुरलेली. "उसळ खाऊन राहिला का रे?" "हो, घेऊन राहिलो." पुण्यात लग्न होऊन गेल्यावर या बोलीवरून मला दुरुस्त करत करत लोकांनी ती माझ्या तोंडून काढली होती. त्या पंधरा रात्री ती परत आली.

रोज रात्री अफवा उठायची की आज दोन वाजता पुन्हा येणार. दोनपर्यंत मोठी माणसं जागी. मग एक आजोबा मोठ्याने म्हणायचे, "वाजले." आणि सगळे कुशीवर वळायचे.

तार. टेलिफोन लागत नव्हते. तारऑफिसात रांग रस्त्यापर्यंत. नानांनी शब्द मोजून मजकूर सांगितला, "सर्व सुखरूप. घर उभे." मी त्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "तेवढंच लिही." ह्यांना पुण्यात ती तिसऱ्या दिवशी मिळाली. तारसेवा 2013च्या जुलैत बंद झाली. तो कागद माझ्याकडे आहे, शाई उडत चालली आहे. 'उभे' अजून वाचता येतं.

छोटी लाइन. गोंदियाहून नैनपूरमार्गे जबलपूरच्या हाऊबागला येणारी नॅरोगेज. तिच्यावरूनच आमच्याकडे निम्मं विदर्भ यायचं, लग्नाला, बारशाला, मयताला. गोंदियाचे मामा तिसऱ्या दिवशी उतरले. बरोबर पिशवीभर पोहे, लाह्या, मुरमुरे आणि वीस मीटर ताडपत्री गुंडाळून, नारळाच्या दोरीने बांधून. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं काय आणायचं. आल्याबरोबर मामांनी आभाळाकडे पाहिलं आणि विचारलं, "पाऊस केव्हा लागतो इकडे?" जूनच्या मध्याला. म्हणजे हातात तीन आठवडे. त्या एका प्रश्नाने आम्ही सगळे भानावर आलो. तोवर रडत, वस्तू वेचत, भेटायला येणाऱ्यांना चहा देत बसलो होतो. दूरदूरच्या ओळखीच्यांनी प्रेमाने कपड्यांची गाठोडी पाठवली होती, त्यात लोकरीचे स्वेटरसुद्धा. आम्हाला हवी होती ताडपत्री, बांबू, सुतळी आणि एक गवंडी. वणव्यानंतर तिकडे काय लागतं ते मला ठाऊक नाही. पण भाच्याला मी एवढंच सांगितलं की त्या बाईंना काही देण्याआधी विचार, पुढचा पाऊस कुठला.

ती लाइन ब्रॉडगेज करायला 2015मध्ये बंद झाली. आता मोठी गाडी धावते, वेगाने धावते. हाऊबाग स्टेशनचा उतारू मात्र राहिला नाही.

मनिऑर्डर. हे नीट लिहायला हवं.

आपल्याकडे माहेर देतं. लेक जाते, तिची ओटी भरली जाते, पिशवीत लोणचं, पापड, साडी. लेकीकडून घ्यायचं नसतं. नाना या बाबतीत कडक. मी पुण्याला परतल्यावर पहिल्या महिन्यात पाठवलेले 500 रुपये परत आले. पोस्टमनने सांगितलं, घेणाऱ्याने नकार दिला. मी आणि अमरावतीची धाकटी, दोघींनी मग पत्रांतून ठरवलं. पैसे वहिनीच्या नावाने जातील. मनिऑर्डरच्या फॉर्मला खाली संदेशासाठी छोटी जागा असायची, तिथे दर वेळी काही तरी वेगळं कारण लिहायचं. भाच्याची फी. आईचा चष्मा. श्रावणातली सवाष्ण. वहिनी सही करून घ्यायची आणि नानांना चिठ्ठी वाचून दाखवायची. नाना ऐकायचे, मान हलवायचे. दीड वर्ष हे चाललं. त्या पैशांतून मागच्या दोन खोल्यांच्या डोक्यावरून काँक्रीटचा पट्टा गेला.

नाना गेल्यावर त्यांच्या पेटीत त्या सगळ्या चिठ्ठ्या निघाल्या, तारखेप्रमाणे लावलेल्या, दोऱ्याने बांधलेल्या. सर्वांत वर नाकारलेल्या 500 रुपयांची पावती होती.

पोस्टाची जुनी मनिऑर्डर 2015मध्ये थांबली. आता मोबाइलवरून पैसे क्षणात जातात आणि ते चांगलंच आहे. त्यात चार शब्द लिहायची जागाही असते. पण तो कागद हातात घेऊन दारात उभा राहणारा, "काय, पुण्याहून?" असं विचारणारा आणि म्हणून सगळ्या गल्लीला कळवणारा माणूस नसतो. वहिनी सांगते, त्या चिठ्ठ्या बघून शेजारच्या अम्माच्या मुलींनीही कटनीहून पाठवायला सुरुवात केली.

चांगल्या दोन खोल्या. पुढच्या. त्यांना फक्त तडे होते. घर पाहायला आलेल्या एका ठेकेदाराने सांगितलं, सगळंच पाडा, नवं उभं करू. आम्ही घाबरलेलो होतो, पाडल्या. त्या खोल्या पट्टा घालून, कोपरे शिवून सहज वाचल्या असत्या, हे मला पुढे एका अभियंत्याने तड्याचं चित्र कागदावर काढून दाखवलं. त्या खोल्यांत सागाची तुळई होती, माळा होता, माळ्यावर आजीचा पाळणा. ही एक नोंद करताना माझा हात अजून थांबतो. भूकंपाने नेलं ते नेलं. हे आम्ही दिलं.

कारखान्याचा भोंगा. नाना तोफगाडीच्या कारखान्यातून, म्हणजे जीसीएफमधून निवृत्त झालेले. भोंग्यावर त्यांचं घड्याळ चालायचं. दुसऱ्या दिवशी भोंगा वाजला तेव्हा ढिगाऱ्यातून मान वर करून ते म्हणाले, "चला, चालू आहे."

जे राहिलं त्याचीही एक नोंद करते. मदनमहालाच्या वाटेवर एका प्रचंड शिळेवर दुसरी शिळा, तळहाताएवढ्या जागेवर टेकून उभी आहे. बॅलन्सिंग रॉक. त्या पहाटे ती हललीही नाही. आठ दिवसांनी लोक बघायला जाऊ लागले. आम्हीही गेलो. वहिनी कपाळाच्या टाक्यांवर पदर ओढून बराच वेळ खाली उभी राहिली. मग म्हणाली, "हिच्यावरच घर बांधायला पाहिजे होतं."

पातेलं. पितळेचं, साठ माणसांच्या भाताचं, कडेला ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं नाव आणि खाली 'यांचे स्मरणार्थ'. मंडळाचं. दत्तजयंतीला, गणपतीला, कुणाच्या मुंजीला तेच फिरायचं. भूकंपाच्या दिवशी दुपारी कुणी तरी ते शाळेच्या पटांगणात आणून ठेवलं आणि पुढचे पंधरा दिवस ते चुलीवरून उतरलं नाही. खिचडी, खिचडी, एखादे दिवशी वरणफळं. झाकण मात्र पहिल्याच दिवशी गेलं. घमेली कमी होती, म्हणून दादाने ते मलबा उचलायला घेतलं, ते वाकलं, आणि मलब्याबरोबर गाडीत भरलं गेलं. पटांगण रिकामं झालं तेव्हा पातेलं आमच्या अंगणात राहिलं. उद्या पोचवू, परवा पोचवू. 2009मध्ये घर विकलं, आई माझ्याकडे आली, तेव्हा सामानाबरोबर तेही पुण्याला आलं. सोळा वर्षं माझ्या गॅलरीत होतं. त्यात मी कुंड्या ठेवल्या नाहीत, एवढंच माझ्या बाजूने सांगता येईल.

यादीत ते लिहिलं आणि लक्षात आलं की ही एकच वस्तू अशी आहे जी गेलेली नाही, जिथली तिथे नाही इतकंच.

मग चिंच लावून घासलं. कल्हई करणारा शोधायला तीन आठवडे लागले. 4 डिसेंबर 2025ला दत्तजयंती होती, वार गुरुवार. दोन दिवस आधीच्या गाडीने, गोणपाटात बांधून, सीटखाली सरकवून ते जबलपूरला नेलं. मंडळाच्या खोलीत तिशीतला एक मुलगा होता. प्रसाद आता बाहेरून येतो, म्हणाला. भांडी कुणी मागत नाही. पण त्याने ते दोन्ही हातांनी उचललं, उजेडाकडे धरलं, ठिपक्यांवरून बोट फिरवत नाव वाचलं. "काकू, हे आडनाव आता गावात नाही कुणाचं."

मग कपाटातून भांड्यांची वही काढली, धूळ झटकली. शेवटची नोंद बरीच जुनी होती. त्याखाली त्याने तारीख घातली आणि मला विचारून लिहिलं:

पातेलं, पितळी, 1. झाकण नाही.